रूरचे पोलिश खाणकामगार आणि आमच्या आजीची पेटी

गेल्या वर्षीच्या हिवाळी सुटीत, म्हणजे युरोपात ऐन उन्हाळा असताना, आम्ही जर्मनीला जाऊन आलो. आमची भाची लग्न होऊन बोखुम या शहरी स्थायिक झाली आहे. 'मामा, एकदा तरी या' हे तिचे पालुपद दहा वर्षे चालले होते. निघण्यापूर्वी शाळेतील सहकाऱ्यांनी विचारले, काय काय पाहणार? आम्ही ऱ्हाईन नदी, कोलोनचे मोठे चर्च आणि दोन-चार जुने किल्ले अशी यादी सांगितली. त्यांपैकी चर्च तेवढे पाहून झाले. बाकीचे दिवस ज्या गोष्टी पाहण्यात गेले त्या प्रवासी कंपन्यांच्या पुस्तिकांत नसतात, आणि त्याला कारण झाले आमचे आडनाव.

त्याचे असे झाले. आम्ही पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवशी भाचीच्या ओळखीचे पुण्याचे एक इंजिनिअर सपत्नीक भेटावयास आले. मॉरिशसहून मराठी पाहुणे आले आहेत याचे त्यांना मोठे कौतुक. चहा झाला, चकल्या झाल्या, आपल्या गणेशचतुर्थीच्या चौकश्या झाल्या. मग त्यांनी सहज विचारले, "तुमचं मूळ गाव कोणतं?" आम्ही म्हटले, "रत्नागिरीकडचे, असे आजी सांगे." "रत्नागिरीत कुठलं? आणि हे आडनाव आमच्याकडे कधी ऐकलं नाही हो."

ते कसे ऐकलेले असणार! आमचे आडनाव म्हणजे आमच्या पणजोबांच्या वडिलांचे पाळण्यातले नाव, आणि तेही कोणा कारकुनाच्या कानाला जसे ऐकू आले तसे रोमन अक्षरांत लिहिलेले. त्या सद्गृहस्थांना हे समजावून सांगताना आम्हांला काहीसे ओशाळल्यासारखे झाले, हे कबूल केले पाहिजे. बेटाबाहेर गेलेल्या आपल्यापैकी बहुतेकांना हा प्रसंग कधी ना कधी आला असेल.

भाचीच्या इमारतीत तळमजल्यावर एक निवृत्त खाणकामगार राहतात. वय ऐंशीच्या घरात. संध्याकाळी अंगणात ते भेटले तेव्हा भाचीने हसत हसत ही हकीकत त्यांना सांगितली. त्यांनी आम्हांला हाताला धरून दारापाशी नेले आणि घंटेखालच्या पाटीवर बोट ठेवले. त्यांच्या आडनावाच्या शेवटी 'स्की' होते. मग ते बोलू लागले व भाची भाषांतर करू लागली. त्यांचे आजोबा पूर्वेकडून खाणीत काम करावयास आले. कोणत्या गावाहून, ते ठाऊक नाही. वडिलांना पोलिश भाषा येत असे, पण मुलांसमोर ते ती कधीच बोलले नाहीत. एका चुलत्याने तर अर्ज करून आडनाव बदलून जर्मन करून घेतले. त्यामुळे दोन सख्ख्या भावांची नातवंडे आज वेगवेगळी आडनावे लावतात. "मी जर्मनच आहे," ते म्हणाले, "पण ही पाटी कोणत्या गावची, ते मला कोणी सांगितले नाही."

त्या संध्याकाळपासून किल्ल्यांची यादी बाजूला राहिली.

येथे थोडा भूगोल सांगणे भाग आहे. आजच्या जर्मनीत सोळा राज्ये आहेत. त्यांत सर्वांत जास्त वस्तीचे राज्य नोर्डऱ्हाईन-वेस्टफालेन. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ साली, इंग्रजांनी जुने प्रांत जोडून ते तयार केले. आपल्या अख्ख्या बेटाची वस्ती बारा-तेरा लाख, तर या एका राज्याची एक कोटी ऐंशी लाखांच्या आसपास आहे. रूर नदीच्या परिसरातील एसेन, बोखुम, गेल्सेनकिर्शेन, डोर्टमुंड ही शहरे एकमेकांना इतकी चिकटली आहेत की ट्राममध्ये बसल्यावर एक केव्हा संपले आणि दुसरे केव्हा लागले ते कळत नाही. आपल्या इतिहासात जी जागा उसाची, ती या मुलखाच्या इतिहासात कोळशाची.

१८७० नंतर तेथे खाणींमागून खाणी निघाल्या आणि माणसे कमी पडू लागली. तेव्हा खाणवाल्यांचे दलाल पूर्वेकडे गेले. पोलंड नावाचे राष्ट्र त्या काळी नकाशावर नव्हते. रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांनी १७९५ पर्यंत ते आपसांत वाटून घेतले होते. त्यामुळे पोझेन, पश्चिम प्रशिया, वरचा सायलेशिया येथले पोलिश शेतमजूर कायद्याने प्रशियाचेच प्रजाजन होते. त्यांना समुद्र ओलांडावयाचा नव्हता, आगगाडीत बसले की झाले. बॉट्रॉप गावात वरच्या सायलेशियातील कामगार १८७० च्या दशकाच्या आरंभीच आले. त्यांच्यामागून मसुरियातले लोक आले. ते पोलिश बोलीच बोलत, पण पंथाने प्रोटेस्टंट, म्हणून कॅथलिक पोलिशांपासून जरा अलगच राहत. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास हे सारे मिळून तीन ते पाच लाखांच्या दरम्यान होते, असे इतिहासकार सांगतात.

राउक्सेल येथल्या व्हिक्टर खाणीची एक जाहिरात तिकडच्या इतिहासाच्या पुस्तकांतून नेहमी छापली जाते. मसुरियन माणसांना उद्देशून ती लिहिलेली आहे. आमची वसाहत अगदी तुमच्या खेड्यासारखी आहे, भोवती शेते, कुरणे नि वने आहेत, कारखान्यांच्या गजबजाटापासून ती दूर आहे, असे वर्णन तीत येते. भाचीने ती वाचून दाखवली तेव्हा आम्हांला हसू आवरेना. मारीच देशात दगड उलटला की खाली सोने सापडते, ही गोष्ट आपल्या प्रत्येक आजीने सांगितलेली आहे. दलाल सगळीकडे एकाच तालमीत तयार झालेले दिसतात.

पण ही माणसे नुसते कोळसा काढून गप्प बसली नाहीत. त्यांनी भजनी मंडळांसारखी गायन-मंडळे काढली, संतांच्या नावाने परस्पर-साहाय्य मंडळ्या काढल्या, तालीमखाने काढले. १८९० च्या अखेरीस बोखुममधून 'व्यारुस पोल्स्की' हे पोलिश वृत्तपत्र निघू लागले. १९०२ साली बोखुम येथेच त्यांनी स्वतःची कामगार संघटना स्थापन केली. सरकारी शाळांत पोलिश शिकवले जात नसे. मुले आपल्या भाषेची अक्षरे घरी आईपाशी आणि मंडळात शिकत. येथे वाचकांना आपल्या बैठकांची आठवण होईल. दिवसभर कोठीवर राबून रात्री कंदिलाच्या उजेडात ज्यांनी आपल्या आजोबांना बाराखडी शिकवली, त्यांचे भाऊबंद आम्हांला या खाणींच्या वसाहतीत भेटले असे म्हणावयास हरकत नाही.

सरकारला मात्र हे खपले नाही. १८९९ च्या जानेवारीत नियम निघाला की ज्याला जर्मन समजत नाही त्याला खाणीत घेऊ नये. कारण सुरक्षिततेचे दाखवले होते, आणि ते अगदीच खोटे नव्हते. जमिनीखाली 'पळा' हा शब्द न समजणे जिवावर बेतू शकते. पण त्याच मालकांनी त्याच माणसांना, त्यांची भाषा ठाऊक असताना, मुद्दाम आणलेले होते. त्याच वर्षी जूनमध्ये हेर्ने गावी तरुण पोलिश कामगारांनी संप केला तेव्हा लष्कर आले आणि माणसे मेली. पुढे १९०८ च्या संघटना-सभांविषयीच्या कायद्यात एक कलम घातले गेले: ज्या जिल्ह्यात जर्मनेतर भाषा बोलणारे शेकडा साठांहून कमी, तेथे जाहीर सभा जर्मन भाषेतच झाली पाहिजे. रूरमध्ये कोठल्याही जिल्ह्यात साठ टक्के पोलिश नव्हते, म्हणजे तेथील सभांचे तोंडच बंद झाले. १९०९ साली तर पोलिश चळवळीवर पाळत ठेवण्यासाठी पोलिसांची एक मध्यवर्ती कचेरी बोखुममध्ये उघडण्यात आली. पोलिश वृत्तपत्रांतील मजकुराची जर्मन भाषांतरे करून ती वरिष्ठांकडे पाठवणे, हे पोलिसांचे नित्याचे काम होते.

पहिले महायुद्ध संपले आणि पोलंड पुन्हा उभा राहिला. ढोबळमानाने सांगतात की रूरमधील पोलिशांपैकी एक तृतीयांश पोलंडला परतले, एक तृतीयांश फ्रान्स-बेल्जियमच्या खाणींत गेले आणि एक तृतीयांश राहिले. जे राहिले त्यांनी हळूहळू मान खाली घातली. गेल्सेनकिर्शेनच्या शाल्क या फुटबॉल क्लबाचे उदाहरण घ्या. त्याचे मोठे खेळाडू एर्न्स्ट कुत्सोरा आणि फ्रित्स शेपान हे मसुरियन कुटुंबांतले. १९३४ साली क्लबाने जर्मनीचे अजिंक्यपद मिळवले तेव्हा पोलंडमधील वृत्तपत्राने ते पोलिशांचे यश म्हणून मिरवले. हिटलरचे राज्य सुरू झालेले होते. क्लबाने घाईघाईने खेळाडूंच्या आईबापांच्या जन्मगावांची यादी प्रसिद्ध करून हे सारे जर्मनच आहेत असा खुलासा केला. जन्मगावाची यादी! तळमजल्यावरच्या आजोबांना जी हवी आहे, ती कोणे एके काळी अशी भीतीने करण्यात आली. पुढे १९३९ साली युद्ध सुरू होताच पोलिश संघाच्या पुढाऱ्यांना पकडून छळछावण्यांत पाठवले गेले, मंडळ्या बंद झाल्या, त्यांची मालमत्ता सरकारजमा झाली. घराघरांतली पोलिश पुस्तके, फोटो, मंडळाची निशाणे यांचे काय झाले असेल हे सांगावयास नको. ज्या घरात असा कागद सापडणे हा गुन्हा ठरू शकतो, तेथे तो चुलीतच जातो.

बोखुममध्ये हॅनोव्हर नावाची एक बंद पडलेली खाण आहे. तिच्या किल्ल्यासारख्या मनोऱ्यात आता संग्रहालय आहे, आणि रूरमध्ये बाहेरून आलेल्या माणसांचा इतिहास सांगणे हे त्याचे एक मुख्य काम आहे. २०१३ पासून जर्मनीतील पोलिशांच्या इतिहासाचे 'पोर्टा पोलोनिका' नावाचे दस्तऐवज-केंद्रही बोखुममध्येच चालते. हे सर्व चांगलेच झाले. परंतु आम्हांला सर्वांत विलक्षण वाटली ती वेगळीच गोष्ट. आज अभ्यासकांना या माणसांच्या सभांत कोण काय बोलले, कोणत्या मंडळाचे किती सभासद होते, हे जे कळते त्यातले पुष्कळसे त्या पाळत ठेवणाऱ्या पोलिसांच्या दप्तरांतून कळते! ज्यांनी तोंड बंद केले त्यांनीच शब्द जपून ठेवले. सभासदांच्या स्वतःच्या वह्या पुष्कळशा गेल्या. शिपायाचे टिपण राहिले.

आणि आपले काय? मोका येथे महात्मा गांधी संस्थेत गिरमिटियांची जी नोंदपुस्तके आहेत, त्यांत आपल्या पूर्वजांचे नाव, बापाचे नाव, वय, जात, गाव, उंची आणि अंगावरच्या खुणा लिहिलेल्या आहेत. ती कोणी प्रेमाने लिहिली नाहीत. पळून गेला तर ओळखता यावा म्हणून लिहिली. आपल्या उपयोगी पडताहेत, हा त्यांचा हेतू नव्हता.

पूर्वी जर्मनीच्या प्राथमिक शाळांत 'हायमाटकुंडे' नावाचा विषय असे. हायमाट म्हणजे आपले गाव, आपला मुलूख. त्याची ओळख मुलांना करून देणारा हा विषय. आपल्या प्रशिक्षण महाविद्यालयात परिसर-अभ्यासाचे पाठ घ्यावयास लावीत, तसाच. जवळची नदी, जवळचे चर्च, जवळच्या सरदाराचा वाडा. या मुलखाच्या पाठात खाण असे, पण खाणीत उतरणाऱ्याच्या आजीची भाषा नसे. शिक्षक म्हणून आम्ही दुसऱ्याला बोल लावणार नाही. आम्ही स्वतः वर्गात साखर कारखान्याचे चित्र फळ्यावर कितीदा काढले आणि त्यात माणसे काढावयास किती वेळा विसरलो, ते आम्हांलाच ठाऊक आहे.

पोलिशांनंतरची पाळी आली ती 'पाहुण्या कामगारां'ची. दुसऱ्या महायुद्धानंतर पश्चिम जर्मनीची भरभराट झाली आणि पुन्हा माणसे कमी पडली. १९५५ साली इटलीशी, १९६० मध्ये स्पेन व ग्रीस यांच्याशी, १९६१ च्या ३० ऑक्टोबरला तुर्कस्तानशी, १९६४ मध्ये पोर्तुगालशी आणि १९६८ मध्ये युगोस्लाव्हियाशी मजूर-भरतीचे करार झाले. तुर्कस्तानच्या मूळ करारात तर दोन वर्षांत परत गेलेच पाहिजे अशी अट होती. आपल्या गिरमिटाची पाच वर्षे होती. अट १९६४ साली निघाली, कारण शिकवून तयार केलेला माणूस दर दोन वर्षांनी परत पाठवणे कारखानदारांनाच परवडेना. इस्तंबूलच्या भरती-कचेरीत दात, छाती, रक्त, लघवी सारे तपासत आणि मगच गाडीत बसवीत. १९७३ च्या २३ नोव्हेंबरला ही भरती थांबली, तोवर सुमारे एक कोटी चाळीस लाख माणसे आली होती आणि त्यांतली सुमारे एक कोटी दहा लाख परत गेली.

कोलोन शहराच्या पलीकडच्या तीरावर डॉइट्स नावाचे स्टेशन आहे. १० सप्टेंबर १९६४ रोजी तेथे पोर्तुगालचा एक सुतार उतरला, आर्मांदो रोद्रिगेस द सा. ध्वनिक्षेपकावरून त्याचे नाव पुकारले गेले तेव्हा आपल्याला परत पाठवणार या धास्तीने तो आधी पुढेच येईना. प्रत्यक्षात तो दहा लाखावा पाहुणा कामगार ठरला होता. बँड वाजला, हातात फुले दिली, आणि त्सुंडाप कंपनीची एक मोपेड त्याला भेट म्हणून मिळाली. मोपेडजवळ उभा असलेला, टोपी घातलेला तो बावरलेला माणूस जर्मनीतल्या पाठ्यपुस्तकांत आजही आहे. पुढची गोष्ट पाठ्यपुस्तकात क्वचितच येते. काही वर्षांनी तो आजारी पडला, गावी परतला आणि पोटाच्या कर्करोगाने १९७९ साली वारला. जर्मनीत भरलेल्या विम्यातून आपल्याला मदत मिळू शकते हे त्याला कोणी सांगितले नव्हते. साठवलेली पुंजी औषधपाण्यात गेली. मोपेड मात्र बॉन येथील इतिहास-संग्रहालयात आहे. आम्ही ती पाहिली. चांगली पुसून-बिसून ठेवलेली आहे.

याच कोलोनमध्ये, एरेनफेल्ड भागात, 'डोमिड' नावाची संस्था आहे, आणि आमच्या प्रवासातला सर्वांत मोलाचा दिवस आम्ही तेथे काढला. १९९० साली तुर्कस्तानातून आलेल्या मोजक्या लोकांनी एसेन येथे ती सुरू केली. त्यांचे म्हणणे साधे होते. आपण आलो त्याला तीस वर्षे होत आली, पहिल्या पिढीची माणसे निवृत्त होऊन परत जात आहेत किंवा मरत आहेत, मुले घर आवरताना जुन्या वस्तू टाकून देत आहेत. आणि राज्याच्या एकाही संग्रहालयाला त्या नको आहेत. तेव्हा आपणच गोळा करू. त्यांनी कामाचे करारनामे, पगाराच्या चिठ्ठ्या, घरची पत्रे, सुटकेसा, हत्यारे, फोटो, गाण्यांच्या कॅसेट असे जे मिळेल ते घेतले. कॅसेटची मौज अशी की कोलोनमधील 'तुर्क्यूओला' कंपनी तुर्की कामगारांसाठी गाणी काढी, आणि तिची गायिका युक्सेल ओझकासाप हिला लोक कोलोनची बुलबुल म्हणत. शेजारच्या जर्मनांनी तिचे नावही ऐकलेले नसे.

१९९८ मध्ये एसेनच्या संग्रहालयात या वस्तूंचे पहिले मोठे प्रदर्शन भरले. नंतर संस्थेने तुर्कांपुरते न राहता सर्व देशांतून आलेल्यांचे साहित्य घेण्यास सुरुवात केली. आज दीड लाखांहून अधिक वस्तू व कागद तिच्यापाशी आहेत. कोलोनच्या काल्क भागातील एका जुन्या कारखान्याच्या शेडमध्ये मोठे संग्रहालय उभारण्यासाठी २०१९ साली केंद्राच्या संसदेने पैसे मंजूर केले, राज्य सरकारनेही आपला वाटा दिला. तीस वर्षे आधी लोकांनी आपल्या खोल्यांत खोकी साठवली, मग सरकार आले. उलट क्रमाने हे झाले असते असे आम्हांला वाटत नाही. (कोलोन या नावाचाच अर्थ वसाहत असा आहे, रोमन लोकांनी इसवी सन ५० मध्ये तिला तो दर्जा दिला. म्हणजे हे गाव मुळात बाहेरच्यांनीच वसवलेले. पण ही आठवण तेथे कोणी भांडणात काढत नाही.)

सगळे गोड आहे असे मात्र वाचकांनी समजू नये. झोलिंगन हे सुऱ्या-कात्र्यांसाठी प्रसिद्ध असलेले गाव याच राज्यात आहे. २९ मे १९९३ च्या पहाटे तेथे गेंच या तुर्की कुटुंबाच्या घराला वंशद्वेषाने आग लावण्यात आली; पाच मुली व स्त्रिया त्यात मृत्युमुखी पडल्या. मेवल्युदे गेंच या माउलीच्या दोन मुली, दोन नाती आणि एक भाची त्यांत होत्या. तरीही तिने शेवटपर्यंत सूडाची नव्हे, समेटाची भाषा केली. २०१८ साली राज्य सरकारने तिच्या नावाचे पदक स्थापन केले. २०२२ मध्ये ती वारली. घराच्या जागी पाच चेस्टनटची झाडे लावली आहेत. आम्ही तेथे फार वेळ थांबलो नाही. रस्ता अगदी साधा आहे, शेजारच्या खिडकीत कोणी कपडे वाळत घालत होते.

निघण्यापूर्वी भाचीने हाम गावी नेले, ते आमचे मन हलके व्हावे म्हणून. तेथे उएन्ट्रोप या कारखान्यांच्या वसाहतीत कामाक्षी अंबेचे देऊळ आहे, चांगले सतरा मीटर उंचीचे गोपुर असलेले. श्रीलंकेत १९८३ साली तमिळांवर अत्याचार झाले, त्यानंतर अनेक तमिळ कुटुंबे जर्मनीत आश्रयाला आली. १९८५ साली आलेल्या एका पुजाऱ्याने हाममध्ये आधी तळघरात देवी बसवली. १९९३ पासून रस्त्यावरून देवीची मिरवणूक निघू लागली, गर्दी वाढली, शेजाऱ्यांनी तक्रारी केल्या, आणि नगरपालिकेने मंडळीला गावाबाहेरची जागा दाखवली. तेथे २००२ च्या जुलैमध्ये या देवळाचा कुंभाभिषेक झाला. बाजूला कत्तलखाना, मागे कालवा. पण आता उन्हाळ्याच्या सुरुवातीला रथयात्रेला हजारो माणसे येतात, कावडी नाचतात, आणि कालव्याचे पाणी देवीच्या स्नानाला चालते. आम्ही गेलो तेव्हा यात्रा होऊन गेली होती. देवळात उदबत्तीचा वास आणि कर्पूर, अगदी आपल्याकडच्या तमिळ बांधवांच्या कोविलसारखा. पुजाऱ्यांशी आम्ही आमच्या बेटावरच्या कावडीच्या सुटीविषयी बोललो. सरकार त्या दिवशी सुटी देते, हे ऐकून तेथे उभ्या असलेल्या एका बाईंनी आमच्याकडे पाहिले ते आम्ही विसरणार नाही.

आता आमच्या आजीच्या पेटीविषयी.

आजीची एक पत्र्याची पेटी होती. हिरवा रंग, झाकणाला गंज. १९७५ च्या गेर्वाझ वादळात घराचे छप्पर गेले, तेव्हा आजी त्या पेटीवर बसून राहिली अशी घरात गोष्ट आहे. आत एक तांब्या, लाल फडक्यात बांधलेली पोथी आणि कागद असत. त्यांतला एक घडी घातलेला कागद ती आम्हांला कधी कधी दाखवी. त्यावर एका कृश माणसाचा पुसट फोटो होता आणि एक आकडा. तो काय होता ते आम्हांला फार उशिरा कळले. १८६७ च्या कायद्यानंतर जुन्या गिरमिटियांना स्वतःचा फोटो लावलेले तिकीट सतत जवळ बाळगावे लागे; नसले तर पोलीस पकडीत. तेच ते होते, पणजोबांच्या वडिलांचे.

आजी गेली. लाकूड-पत्र्याचे घर पाडून सिमेंटचे बांधावयाचे ठरले. आम्ही तेव्हा चौदा-पंधरा वर्षांचे. अडगळ काढावयाचे काम आमच्याकडे होते. तांब्या आईने ठेवून घेतला. पोथीला वाळवी लागली होती. पेटी आम्ही, आमच्या या हातांनी, मागच्या उसाच्या कडेला पेटवलेल्या ढिगावर नेऊन टाकली. कोणी भीती दाखवली नव्हती, कोणता कायदा नव्हता, पोलीस दारात नव्हते. नवीन घराची घाई होती, एवढेच.

जर्मनीहून परतल्यावर आम्ही मोक्याला गेलो. तेथल्या मंडळींनी फार आस्थेने मदत केली. पण त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो हाच: नंबर आहे का? नंबर नव्हता. होते फक्त नाव, कारकुनाच्या स्पेलिंगात. त्या नावाचे, साधारण त्या वयाचे, मुंबईहून आलेले तीन जण निघाले. तीन निरनिराळ्या बोटी. एक रत्नागिरीचा, एक सावंतवाडीकडचा, एक साताऱ्याचा. एकाच्या उजव्या गालावर देवीचे वण, दुसऱ्याच्या पायावर भाजल्याची खूण. रत्नागिरीचा तोच आमचा असे म्हणावयास मन धावते. पण आजी 'रत्नागिरी' म्हणे ते तिला ठाऊक होते म्हणून, की कोकणातल्या सगळ्यांना तसेच म्हणण्याची पद्धत होती म्हणून, कोण सांगणार?

तिन्ही नोंदींच्या नकला आम्ही घरी आणल्या आहेत. तळमजल्यावरच्या त्या आजोबांना भाचीकडून हे कळवले, तेव्हा त्यांनी उलट निरोप पाठवला की तीन तरी मिळाले, मला एकही नाही. त्यांच्या नातीने आता पोर्टा पोलोनिकाकडे चौकशी सुरू केली आहे.

आमच्या वडिलांना आम्ही विचारले, कोणता धरावयाचा? ते बराच वेळ कागद उलटेपालटे करीत बसले. यंदाच्या पितृपक्षात त्यांनी तिघांच्याही नावे पाणी सोडले.